माशाच्या पोटात लाल किडा निघाला, तर मासा टाकायचा का?

पावसाळा ओसरू लागला की व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. कुणीतरी मरळ चिरत असतं आणि आतड्याशेजारून लालभडक दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत बाहेर येतं. खाली ओळ असते, 'मासे खाणं ताबडतोब बंद करा, कॅन्सर होतो'. दर वेळी गाव बदलतं, धरणाचं नाव बदलतं, व्हिडिओ तोच राहतो.

धरणगावसारख्या ठिकाणी अशा व्हिडिओचा फटका लगेच बसतो. तालुक्याच्या एका अंगाला गिरणा, दुसऱ्या अंगाला तापी. नदीतला, बंधाऱ्यातला आणि धरणातला गोड्या पाण्यातला मासा हाच इथला ताजा मासा. तो पकडणारी आणि विकणारी कुटुंबं बहुतेक भोई आणि कोळी समाजातली. त्यांच्याकडे बर्फाची पेटी असते, शीतगृह नसतं. दोन दिवस गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर माल उकिरड्यावर जातो.

म्हणून आधी थोडक्यात उत्तर. व्हिडिओतला किडा खरा असतो. कॅन्सरची भीती इथे गैरलागू आहे. नीट शिजवलेल्या माशातून हा किडा तुमचं काहीही बिघडवू शकत नाही. कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशातून मात्र काही जाती माणसाच्या अंगात शिरतात. आणि गंमत म्हणा किंवा पंचाईत म्हणा, त्यातली सगळ्यात त्रासदायक जात डोळ्यांना सहसा दिसतच नाही.

कॅन्सर कुठून आला?

या अफवेच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, म्हणून ती सांगून टाकू. थायलंड आणि लाओसमध्ये गोड्या पाण्यातले कच्चे मासे खाण्याची पद्धत आहे. त्या माशांतून ऑपिस्थॉर्किस नावाचा एक चपटा कृमी माणसाच्या पित्तनलिकेत जाऊन बसतो, वर्षानुवर्षं राहतो आणि त्यातून पित्तनलिकेचा कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने १९९४ साली त्याला कॅन्सरकारक म्हणून जाहीर केलं. पण तो चपटा कृमी आहे, आपल्या व्हिडिओतला गोलकृमी नाही. आणि तोही कच्च्या माशातूनच जातो, रश्श्यातून नाही.

हा नेमका कोण?

माशाच्या पोटात निघणारं सगळंच 'किडा' नसतं, आणि सगळे किडे एका जातीचेही नसतात. चिरताना जे दिसतं ते ओळखता आलं, तर निम्मी भीती तिथेच जाते.

लांब, दोऱ्यासारखं, दोन्ही टोकांना निमुळतं, आणि मधोमध कापलं तर गोल दिसणारं असेल, तर तो गोलकृमी. फितीसारखं चपटं, तुकड्या-तुकड्यांचं असेल, तर पट्टकृमी. आतड्याच्या आतल्या बाजूला असा घट्ट चिकटलेला की ओढला तरी सुटत नाही, तो काटेरी डोक्याचा कृमी. मरळीत हा पुष्कळदा सापडतो. त्याच्या डोक्यावर आकड्यांच्या रांगा असतात आणि त्या तो आतड्याच्या भिंतीत रुतवतो. कातडीखाली किंवा कल्ल्यांपाशी पिवळे दाणे दिसले, तर ती चपट्या कृमीची पिल्लं.

काही गोष्टी तर किडे नसतातच. नर माशाच्या पोटातली पांढरी लांबट ग्रंथी, कण्याजवळची रक्ताची नळी, रिकामं आतडं यांना किडा समजून मासा फेकणारे लोक आहेत.

आणि एक वेगळंच प्रकरण म्हणजे कल्ल्यांत किंवा जखमेवर वळवळणाऱ्या तांदळाएवढ्या पांढऱ्या अळ्या. त्या माशांनी घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या असतात. इथे माशा म्हणजे उडणाऱ्या. मराठीत 'माशीच्या' आणि 'माशाच्या' यांत एका वेलांटीचा फरक, पण बाजारात तो महत्त्वाचा. कृमी जिवंत माशातही असतो, त्याचा ताजेपणाशी काही संबंध नाही. माशीच्या अळ्या दिसल्या तर मात्र मासा शिळा आहे, बिनदिक्कत परत करा.

व्हिडिओत दिसणारा लाल गोलकृमी बहुधा दोघांपैकी एक असतो. पहिला कॅमेलॅनस. हा माशाच्या आतड्यात राहतो, लांबी साधारण सेंटिमीटरभर. त्याच्या तोंडात शिंपल्याच्या दोन झाकणांसारखी तपकिरी रचना असते. तिने तो आतड्याची भिंत चिमटीत धरतो आणि रक्त पितो. म्हणून लाल. दुसरा युस्ट्राँगिलिडिस. हा आतड्यात नसून पोटाच्या पोकळीत, बऱ्याचदा पातळ पिशवीत वेटोळं करून बसलेला असतो. उलगडला की काही सेंटिमीटर भरतो, आणि त्याचा लाल रंग त्याच्या स्वतःच्या अंगातल्या हिमोग्लोबिनचा असतो. अंगावर काटा आणणारे व्हिडिओ बहुतेक याचेच.

दादा-आजीच्या पायातला नारू आणि माशातला किडा

आता हा माशात शिरतो कसा? यासाठी थोडं मागे जावं लागेल, अगदी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींपर्यंत.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर 'नारू' हा शब्द विचारून पाहा. पायाला फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की त्यातून पांढरा दोरा डोकावायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर, असा कित्येक दिवस ओढून काढायचा. तुटला तर पाय सुजायचा. तो दोराही गोलकृमीच. मादी मीटरभर लांब होऊ शकते. देशातल्या ज्या मोजक्या राज्यांत नारू मुरलेला होता, त्यांत महाराष्ट्रही होता.

नारू माणसात येतो कुठून, हे हजारो वर्षं कुणाला कळलं नव्हतं. आणि त्याचा उलगडा झाला तो गोड्या पाण्यातल्या माशामुळे. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी युरोपातल्या नदीतल्या माशांमधल्या एका गोलकृमीची पिल्लं सायक्लॉप्समध्ये वाढतात, हे दाखवलं होतं. तो कृमी म्हणजे वर सांगितलेल्या कॅमेलॅनसचाच युरोपीय भाऊबंद. सायक्लॉप्स म्हणजे पाण्यातला टिंबाएवढा प्राणी, एका डोळ्याचा, झिंग्याच्या दूरच्या गोतातला. ग्लास उजेडासमोर धरला तर झटके देत पळताना दिसतो. माशाच्या कृमीचं असं असेल तर नारूचंही असेल का, या प्रश्नाने रशियन संशोधक अलेक्सेई फेदचेंको यांनी १८७०च्या सुमारास मध्य आशियात नारूची पिल्लं सायक्लॉप्ससोबत ठेवून पाहिली. पिल्लं सायक्लॉप्सच्या आत गेली आणि वाढली.

उरलेला पुरावा मुंबईत मिळाला. परळच्या बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेत, डॉ. डी. ए. तर्खड यांनी १९१३च्या सुमारास नारूची पिल्लं असलेले सायक्लॉप्स माणसाला पाण्यातून दिले आणि माणसाला नारू होतो हे दाखवलं. आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही. पण पाणी गाळून प्या, हा साधा सल्ला पक्का झाला तो अशा कामातून.

आता साखळी मांडली की सगळं सोपं होतं. नारू झालेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो. फोड पाण्यात भिजतो, मादी हजारो पिल्लं सोडते. सायक्लॉप्स ती गिळतो. ते पाणी कुणीतरी पितं. वर्षाने त्याच्या पायाला फोड येतो.

माशातल्या कॅमेलॅनसचं हुबेहूब असंच. माशाच्या आतड्यातली मादी जिवंत पिल्लं सोडते, ती विष्ठेतून पाण्यात येतात, सायक्लॉप्स ती गिळतो, सायक्लॉप्सला मासा खातो. फक्त माणसाच्या जागी मासा. पाठ्यपुस्तकात हे दोन कृमी जवळचे नातेवाईक म्हणूनच शेजारी बसतात.

या गोष्टीत माशाने माणसाची बाजूही घेतली आहे. १९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानात व्ही. एन. मूर्ती आणि स्वीट यांनी पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स खाणारे छोटे मासे सोडले. माशांनी सायक्लॉप्स फस्त केले, नारू घटला. आपल्याकडे डासांसाठी गप्पी मासे सोडतात, तीच युक्ती.

देशातला शेवटचा नारूरुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. त्यासाठी कुठलीही लस नव्हती, आजही नाही. पाणी गाळणं, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधणं किंवा त्या बंद करून हातपंप देणं, पाण्यात औषध टाकणं, आणि फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणं, एवढ्यावर हा रोग गेला. साखळीतली एक कडी तोडली की कृमी संपतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बगळे, पाणकावळे आणि गाळ

युस्ट्राँगिलिडिसची साखळी थोडी वेगळी. त्याचं खरं घर म्हणजे बगळा, पाणकावळा अशा मासेखाऊ पक्ष्यांचं जठर. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात आणि तळाच्या गाळात जातात. गाळातले बारीक लाल किडे ती खातात. मत्स्यटाकीसाठी दुकानात 'ट्युबिफेक्स' म्हणून मिळतात ते हेच. त्यांना छोटे मासे खातात, छोट्या माशांना मरळ. मरळ शिकारी आहे, मासे, बेडूक, जे मिळेल ते गिळते. त्यामुळे लहान माशांतला कृमी तिच्या पोटात साठत जातो. मरळीला आपल्याकडे एवढा भाव आणि कृमीच्या व्हिडिओतही मरळच पुढे, यामागे तिचा हा खादाडपणा आहे. माशाच्या पोटात तो वाढत नाही, वाट पाहत पडून राहतो, कधी पक्षी हा मासा खाईल म्हणून.

म्हणजे जिथे पक्षी भरपूर, पाणी उथळ आणि गाळ खच्चून, तिथे हा कृमी असणारच. तापीवरच्या हतनूर धरणावर हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात आणि पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन पोचतात. पक्ष्यांसोबत त्यांचे कृमीही असणं हा निसर्गाचा हिशोबच आहे. कृमी सापडणं म्हणजे पाणी विषारी झालं असं नाही. मात्र सांडपाण्याने गाळ सडू लागला की गाळातले लाल किडे फोफावतात आणि कृमीचंही फावतं.

माशाला त्रास होतो का? होतो. भोपाळच्या संशोधकांनी खरपा या माशाचा अभ्यास केला, तेव्हा युस्ट्राँगिलिडिसने मादीच्या अंडाशयाचं नुकसान केलेलं आढळलं. मत्स्यपालकाच्या दृष्टीने हा खरा तोटा आहे. मासा मरत नाही, पण वाढत नाही आणि वीण कमी होते.

माणसाला काय होऊ शकतं?

कॅमेलॅनस माणसात राहू शकत नाही. युस्ट्राँगिलिडिस राहू पाहतो, पण त्याला जिवंतच गिळावं लागतं. १९८२ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात काही मासेमारांनी आमिषासाठीचे छोटे जिवंत मासे गिळले. (का, ते विचारू नका.) दिवसभरात पोटात असह्य दुखू लागलं, शस्त्रक्रिया करावी लागली, कृमीने आतडं भोसकलेलं निघालं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी आणखी एक प्रकरण प्रसिद्ध केलं. घरी केलेली कच्च्या माशाची सुशी खाणाऱ्या एका विद्यार्थ्याचं अपेंडिक्स समजून पोट उघडलं, तर चार सेंटिमीटरचा गुलाबी-लाल कृमी हाती आला. असे रुग्ण जगभरात बोटांवर मोजण्याएवढे आहेत.

काळजी करायची ती दुसऱ्याची. नॅथोस्टोमा.

धरणगावात जेम्स औट्रॅमचं नाव जुन्या लोकांना परिचयाचं आहे. १८२५ साली याच गावात त्याने भिल्ल पलटण उभी केली, आणि खानदेशच्या जंगलातल्या वाघांची शिकार यासाठीही तो ओळखला जायचा. खानदेशातल्या वाघांच्या पोटात काय आहे हे बघायला तेव्हा कुणाला सवड असणार! पण औट्रॅम खानदेशातून गेला त्याच सुमारास, १८३६ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका वाघाच्या जठरातल्या गाठींमध्ये रिचर्ड ओवेन यांना काटेरी डोक्याचा एक गोलकृमी सापडला. तोच नॅथोस्टोमा स्पिनिजेरम. वाघ, मांजर, कुत्रा हे त्याचे खरे यजमान. १८८९ मध्ये तो माणसातही सापडला, थायलंडमधल्या एका स्त्रीच्या शरीरात. १९३०च्या दशकात थायलंडच्या डॉक्टरांनी त्याची साखळी शोधून काढली: मांजराच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, पिल्लं सायक्लॉप्समध्ये, सायक्लॉप्स माशात, आणि मासा मांजराच्या पोटात. मधला मासा कोण? बहुतेकदा मरळ.

माणूस या साखळीत चुकून येतो. अर्धकच्च्या मरळीतून पिल्लू पोटात जातं, पण माणूस म्हणजे मांजर नव्हे, त्यामुळे त्याला घर सापडत नाही. ते भटकतं. आधी पोट दुखतं, मळमळतं. मग तीन-चार आठवड्यांनी कातडीखाली सूज येते, खाजते, काही दिवसांनी उतरते आणि दुसरीकडे उगवते. क्वचित ते डोळ्यात किंवा मेंदूत शिरतं, तेव्हा दृष्टी किंवा जीवच धोक्यात येतो. भारतात डोळ्यातल्या नॅथोस्टोमाचं पहिलं प्रकरण १९४५ मध्ये कलकत्त्याच्या डॉक्टरांनी छापलं. त्यानंतरही देशात तुरळक रुग्ण सापडत आले आहेत.

आणि इथेच व्हिडिओवाल्यांची गोची आहे. नॅथोस्टोमाचं पिल्लू तीन-चार मिलिमीटरचं, माशाच्या मांसात वेटोळं करून बसलेलं. चिरताना ते दिसत नाही, पोट साफ केल्याने निघत नाही. ज्या लाल किड्याला पाहून आपण किंचाळतो, तो आतड्यासोबत फेकला जातो. जो ताटात येऊ शकतो, तो दिसत नाही. म्हणून मासा पाहून सुरक्षित ठरत नाही, शिजवून ठरतो.

फिलिपाइन्समध्ये कॅपिलारिया नावाच्या केसाएवढ्या गोलकृमीने हेच शिकवलं. १९६३ मध्ये तो पहिल्यांदा माणसात सापडला आणि त्याच दशकाच्या शेवटी लुझॉन बेटावर गोड्या पाण्यातले छोटे मासे कच्चे खाणाऱ्या गावांत हजाराहून जास्त लोक आजारी पडले. बरेच मेले. बाकीचे कृमी माणसात येऊन अडकतात, हा मात्र माणसाच्या आतड्यातच वाढून संख्या वाढवतो.

एक गैरसमज इथेच मोडू. मुलांच्या पोटात होणारे जंत माशातून येत नाहीत. ते मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून येतात. शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी त्यांच्यासाठी आहे. मासे खाणाऱ्या घरात जंत जास्त, असं काही नसतं. उलटं पाहिलं तर त्या एका गोळीने नॅथोस्टोमाही मरत नाही, त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन आठवड्यांपर्यंत औषध लागतं. कच्चा मासा खाल्ल्यानंतर अशी जागा बदलणारी सूज आली, तर डॉक्टरांना मासा खाल्ल्याचं आवर्जून सांगा. तो एक तपशील नसेल, तर ॲलर्जी समजून महिनोन्‌महिने जातात.

काळ्या मसाल्याचा रस्सा काय करतो?

काम फत्ते करतो. माशाच्या तुकड्याच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की कृमी मरतात. आपला रस्सा खदखदतो तो १०० अंशांच्या आसपास, आणि मासा त्यात काही मिनिटं तरी असतो. मांस पांढरं होऊन काट्यापासून सहज सुटलं, म्हणजे झालं. शिजलेला मेलेला कृमी चुकून पोटात गेला, तरी तो पचतो. किळस येईल, आजार होणार नाही.

अडचण येते ती नदीकाठच्या पार्टीत. शेकोटीच्या निखाऱ्यांवर भाजलेली मरळ वरून करपते, आत कण्यापाशी गुलाबीच राहते. मोठा मासा भाजायचा असेल, तर आडवे काप द्या आणि जाडसर भाग उघडून बघा. तव्यावर तळलेले जाड तुकडेही झाकण ठेवून शिजू द्या. लिंबू, मीठ, हळद, व्हिनेगर, दारू यांपैकी कशानेही कृमी भरवशाने मरत नाही. लिंबाच्या रसात मांस पांढरं पडतं, ते शिजल्यासारखं दिसतं, एवढंच.

पुण्या-मुंबईत सुशी खाणाऱ्यांसाठीही एक आकडा आहे. कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवावा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक आहे. नेदरलँड्समध्ये हेरिंग माशातल्या समुद्री गोलकृमीने लोक आजारी पडू लागले, तेव्हा १९६८ मध्ये गोठवण्याची सक्ती झाली आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या फ्रीजचा वरचा कप्पा सतत उणे २० राहीलच, असा भरवसा नाही. त्यामुळे घरी हा प्रयोग नको, आणि गोड्या पाण्यातल्या माशाचा तर अजिबात नको.

मासा आणल्यावर लगेच पोट साफ करा. मासा मेल्यावर काही जातींचे कृमी आतड्यातून मांसाकडे सरकतात. विळी आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कोथिंबीर चिरू नका.

आणि आतड्यांचं काय करता?

हा प्रश्न कुठल्याच व्हिडिओत नसतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. बाजारात, काठावर, घरामागे साफ केलेल्या माशाची आतडी आपण कुत्र्या-मांजरांना टाकतो किंवा पाण्यातच सोडतो. नॅथोस्टोमाला हेच हवं असतं: कच्चा मासा मांजराच्या पोटात आणि मांजर पाण्याच्या जवळ.

हे किती महागात पडतं, ते आफ्रिकेतल्या चाडने पाहिलंय. १९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये अवघे १५ उरले. तरी रोग संपत नाही. चाडमध्ये नारू गेला असं वाटत असतानाच २०१० मध्ये तो पुन्हा उगवला आणि पुढे माणसांपेक्षा कुत्र्यांमध्ये जास्त सापडू लागला. नदीकाठी मासे साफ करून आतडी फेकायची, ती कुत्री खायची. संशोधकांचा अंदाज असा की नारूची पिल्लं मासे-बेडकांमधून कुत्र्यांपर्यंत पोचतात. मग तिथल्या गावांना जे सांगितलं गेलं, ते धरणगावलाही जसंच्या तसं लागू आहे: मासा नीट शिजवा, आतडी पुरा किंवा जाळा, कुत्र्यांना कच्चं घालू नका.

काठावर जिथे मासळीचं वजन होतं तिथे एक खड्डा, त्यावर माती किंवा चुना, एवढ्याने भागतं. घरच्या मांजराला आतडी घालायचीच असतील, तर उकळून घाला.

शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. उन्हाळ्यात तळं रिकामं झालं की तळ कडकडीत वाळू द्या, गाळ काढा आणि चुना टाका. सायक्लॉप्स आणि गाळातले किडे दोन्ही कमी होतात. तळ्यावर बगळ्यांसाठी जाळी किंवा दोऱ्या बांधा. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गाळ साठू दिला नाही, तर युस्ट्राँगिलिडिसला जागाच उरत नाही.

घरी काचेच्या टाकीत गप्पी पाळत असाल, तर माशाच्या शेपटीखालून लाल केसासारखं काही लोंबताना दिसतंय का, बघा. तो कॅमेलॅनस कॉटी. आशियातला हा कृमी शोभेच्या माशांसोबत जगभर फिरला, आणि हवाई बेटांवर सोडलेल्या गप्पींच्या गोतातल्या माशांमधून तिथल्या ओढ्यांतल्या स्थानिक माशांतही गेला. तुम्हाला त्यापासून धोका नाही, पण टाकीतले बाकीचे मासे वाळत जातील. आजारी मासा वेगळा करा आणि दुकानदाराला किंवा पशुवैद्यकाला लेव्हामिसोलविषयी विचारा. आणि टाकीचं पाणी किंवा नको झालेले मासे नाल्यात, नदीत ओतू नका.

उरला व्हिडिओ. पुढच्या वेळी तो आला, तर आधी बघा किडा कुठून निघतोय: आतड्यातून, पोटाच्या पोकळीतून, की कल्ल्यांतून. कल्ल्यांत पांढऱ्या अळ्या असतील, तर मासा शिळा होता, विक्रेत्याशी भांडायला हरकत नाही. पोटातून लाल दोरा निघत असेल, तर पोट साफ करा, आतडी पुरा, तुकडे पाण्याने धुवा आणि रश्श्याला आधण येऊ द्या.